अंगठ्याखालचा शब्द

मी एक प्रकरण बोलतोय. घाबरू नका, पोलिसांत गेलेलं प्रकरण नव्हे. मी एका पुस्तकाचं सातवं प्रकरण आहे. झेरॉक्स केलेलं, कोपऱ्यात टाचलेलं. एकशे तेराव्या पानावर मी सुरू होतो आणि एकशे एकतिसाव्यावर संपतो. माझ्याआधी काय आहे, माझ्यानंतर काय होतं, मला ठाऊक नाही.

जन्म मात्र नीट आठवतो. काचेवर पालथा होतो. खालून हिरवट उजेडाची एक रेघ सरकत गेली आणि एका क्षणात माझे दोन झाले. एक पुस्तकातच राहिला, दुसरा गरम-गरम बाहेर येऊन पडला. तो दुसरा मी. पुस्तक परगावच्या ग्रंथालयातून पंधरा दिवसांसाठी मागून आणलं होतं. ते परत गेलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, काउंटरमागच्या राखीव कपाटात राहिलो.

राखीव म्हणजे घरी न्यायचं नाही. कार्ड ठेवायचं, समोरच्या टेबलावर दोन तास वाचायचं, परत द्यायचं. म्हणून ग्रंथपाल बाईंना मुलं पाठीमागे 'दोन-तास बाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. कोणी उशीर केला की त्याच म्हणत, "दोन-तास बाईंचे अडीच तास झाले."

पुस्तक हातात होतं तर अख्खंच का नाही काढून घेतलं, असं मुलं दरवर्षी कुरकुरत. बाईंचं उत्तर ठरलेलं. "शिकण्यापुरतं ओंजळभर घ्यावं, विहीर उचलून आणू नये. लिहिणाऱ्याच्या घरीही चूल असते."

अशा काटेकोर बाईंच्या हातून एकच चूक झाली आणि ती माझ्या अंगावर आहे. शेवटचं पान सारखं दुमडत होतं, म्हणून त्यांनी ते अंगठ्याने दाबून धरलं. अंगठाही छापला गेला. नख, नखावरची बारीक चीर, पेराच्या सुरकुत्या, सगळं दिसतं. दिसत नाही तो फक्त त्याच्याखालचा शब्द.

कातळावर वाढणाऱ्या, निळ्या फुलांच्या एका वेलीची माहिती माझ्यात आहे. माझं शेवटचं वाक्य असं आहे: 'कोरड्या जागी ठेवलेली ही बी', मग अंगठा, मग 'वर्षांनंतरही रुजते.'

किती वर्षांनंतर? मुलांनी अंदाज लढवले. कोणी नखावर पेन्सिलीने 'दोन' लिहिलं, कोणी 'आठ', एका पठ्ठ्याने 'शंभर'. परीक्षेत तिन्ही उत्तरं येत आणि सर तिन्हींना अर्धा गुण देत, कारण सरांनीही मलाच वाचलं होतं.

मग एका वर्षी खिडकीजवळ बसणारी ती मुलगी आली. शेवटच्या पानाशी आली की ती तिथेच थांबे. एकदा तर तिने मला उजेडासमोर धरलं, अंगठ्याच्या आरपार काही दिसतंय का ते पाहायला. चौथ्या दिवशी बाईंनी विचारलंच, "काय गं, माझं नख इतकं आवडलं?"

तिने पिशवीतून औषधाचं एक कागदी पाकीट काढलं. आत सात बिया होत्या. पाकिटावर तिच्या आईचं अक्षर होतं: 'निळी वेल. सवडीने लावू.' आईला सवड मिळाली नाही. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. वडील म्हणत, पेरू नकोस. पेरल्या नाहीत तोवर त्या मेल्या नाहीत.

"इथे 'आठ' असेल तर मी त्या तशाच ठेवीन, बाई," ती म्हणाली. "अकराच्या वर असेल तर पेरीन."

बाईंनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

त्यांनी शोध घेतला. परगावच्या ग्रंथालयात पुस्तक सापडेना, छापणंही कधीच बंद झालेलं. उरल्या लेखिका. त्यांना पत्र लिहिताना बाईंना आणखी एक गोष्ट आठवली. मला त्यांनी एका वर्षाच्या वर्गापुरतंच काढलं होतं. पुढे ठेवायचं तर लेखिकेची परवानगी हवी होती, आणि ती मागायची सहा वर्षं राहून गेली होती. बाईंनी तेही लिहिलं, काही न लपवता. मला धडकी भरली. लेखिका नाही म्हणाल्या तर माझी रद्दी ठरलेली.

उत्तर आलं. अक्षर थरथरतं होतं. मुलीला समोर बसवून बाईंनी ते वाचलं:

"प्रकरण खुशाल ठेवा. इतकी वर्षं कोणी वाचतंय, हे मला आत्ता कळलं. अंगठ्याखाली 'नऊ' आहे. पण तो आकडा वेलीचा नाही, माझा आहे. माझ्याकडची सर्वांत जुनी बी नऊ वर्षांची होती, म्हणून मी तिथे थांबले. त्यापुढचं मला माहीत नाही. तेव्हा तिथे अंगठाच बरा. मुलीला सांगा, काय होतं ते मला कळव."

मी थक्क झालो. छापलं की संपलं, असं मला वाटायचं. आणि इथे लिहिणारी बाईसुद्धा एका बीपाशी येऊन थांबली होती. त्यापुढचं पान खिडकीजवळच्या मुलीच्या पाकिटात होतं.

नंतर तीन आठवडे ती फिरकली नाही. एका दुपारी आली ती सरळ काउंटरवर, कार्डबिर्ड न ठेवता. बाईंनी मला पुढे सरकवलं. तिने शेवटचं पान उघडलं.

"एक उगवली," ती हळूच म्हणाली. "सातातली एक. बाबा सकाळपासून तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलेत."

तिच्या हातांना माती होती. माझ्या समासात तिचा अंगठा उमटला. मळक्या हातांच्या मुलांना नळाकडे पिटाळणाऱ्या बाईंनी फडकं उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. मग त्यांनी एक कोरं पोस्टकार्ड तिच्यापुढे केलं. तिने लेखिकेला पहिला शब्द लिहिला: 'अकरा.'

आता माझी टाचणी गंजली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. शेवटच्या पानावर दोन अंगठे शेजारी-शेजारी आहेत. कधी आलात तर कार्ड ठेवा, दोन तास बसा, मला पोटभर वाचा. फक्त त्या नखावर पेन्सिलीने आकडा लिहू नका. आधी पेरून बघा.