पाहुण्यांनी खणलेली कबर

थंडी पडली की आमच्या शाळेत गोरे येतात. मका घरात आलेला असतो, रस्ता कोरडा असतो, आणि त्यांच्या देशात सुट्ट्या लागलेल्या असतात. येतात ते काही ना काही खणायलाच. एका वर्षी झाडांसाठी खड्डे खणले, ती झाडं शेळ्यांनी खाल्ली. एका वर्षी भाजीचे वाफे खणले, तिथे आता हेडमास्तरांची मोटरसायकल उभी असते. यंदा संडासाचे खड्डे होते. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे शर्ट, हातात कोरी फावडी आणि तोंडावर न मावळणारं हसू.

मी तिसरीला शिकवते. म्हणजे गोरे नसतात तेव्हा शिकवते. ते असले की माझा वर्ग मैदानात नाचतो आणि मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवते. नाच बसवतो हेडमास्तर किप्सन म्बुंदा. त्याला तोंडावर मी अहोजाहो करते, इथे करणार नाही. स्वागताचं गाणंही त्यानेच रचलंय. ‘या पाहुणे या, घर तुमचंच आहे, तुम्हाला पाहून आज आमचं पोट भरलं.’ पोरं सकाळपासून उपाशी असतात, पण गाण्यात पोट भरलेलं असतं. दोन ढोल, वर टाळ्यांचा ठेका. एक-दोन दिवसांत गोऱ्यांनाही ते पाठ होतं. आमच्या भाषेतलं तेवढंच त्यांना येतं, आणि तेवढ्यावर त्यांना वाटतं की आपण इथलेच झालो.

या म्बुंदाची आई, एनिफा आजी, माझ्या शेजारी राहायची. मुलाचं घर विटांचं, पत्र्याचं; पण ती आपल्या जुन्या खोपटातच. तिचा एकच उद्योग होता. आसपास कुठेही मयत झालं की डोक्यावर मक्याच्या पिठाचं घमेलं घ्यायचं आणि निघायचं. मयताच्या घरी बायकांत जमिनीवर बसायचं, गळा काढायचा, पीठ द्यायचं, कबर बुजेपर्यंत हलायचं नाही. खोकल्याने बेजार झाली तरी जायची.

मी एकदा म्हटलं, “आजी, बसा ना आता घरी. किती रडाल लोकांसाठी?”

“लोकांसाठी कुठे गं, माझ्यासाठी रडते,” ती म्हणाली. “जो दुसऱ्याच्या मयताला जात नाही, त्याच्या मयताला कुत्रं येत नाही. मला बाई गर्दी पाहिजे. घरात मावणार नाहीत एवढ्या बायका पाहिजेत, आणि माझं गाणं पार नदीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी देवाकडे.”

आता ज्या दिवशी गोऱ्यांची बस राजधानीतून, लिलाँग्वेहून यायची होती, त्याच दिवशी पहाटे डोरिका गेली. डोरिका म्हणजे शाळेत पोरांसाठी पेज ढवळणारी बाई. गावात मढं असताना माती होईपर्यंत ढोल वाजत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. तरी कबर खणणाऱ्यांचा म्होरक्या बिझिवेक, म्हातारा माणूस, मुद्दाम शाळेत आला. म्बुंदा तेव्हा ढोलांची कातडी शेकोटीवर तापवत होता.

“किप्सन, आज ढोल नको,” बिझिवेक म्हणाला.

“काका, कळतंय मला. पण ते समुद्र ओलांडून आलेत हो! लहानसंच गाणं. मढं थोडं थांबेल, बस थांबणार नाही.”

बिझिवेक थुंकला आणि गेला.

बस आली. ढोल वाजले. निळे शर्ट उतरले आणि लगेच कंबर हलवायला लागले. त्यांचा पुढारी गॅरेथ नावाचा एक लांबडा माणूस होता, तो तर डोळे मिटून नाचत होता. तिकडे टेकाडाखाली बायका डोरिकाच्या उशाशी बसल्या होत्या. मी मधल्या सुट्टीत गेले तर त्यांचं रडगाणं थांबलेलं. आजी भिंतीला टेकून, अंगावरचं कापड तोंडावर ओढून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका सरकून लांब बसल्या होत्या. ती ढोलाकडे कान देऊन होती. तो ठेका कुणाचा, हे तिला सांगायला नको होतं.

माती झाल्यावर बिझिवेकने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “ढोल वाजवणाऱ्याच्या घरची कबर आम्ही खणणार नाही. ज्याने त्याने ऐकून ठेवा.”

आजी थेट मुलाच्या घरी गेली. मी तिला हाताला धरून नेलं, म्हणून मला सगळं माहीत आहे.

“दंडाचं बकरं घे आणि बिझिवेकच्या दारात जाऊन गुडघे टेक,” ती म्हणाली. “आजच्या आज.”

“अगं आई, पाहुणे आहेत. त्यांच्यादेखत हेडमास्तर गुडघे टेकतो, कसं दिसेल ते? ते जाऊ देत, मग टेकतो. कुठे पळून चाललाय बिझिवेक?”

“बिझिवेक नाही रे पळत. मी चाललेय.”

“काहीतरीच तुझं!” तो म्हणाला, आणि गॅरेथला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा हव्यात का ते विचारायला उठला. एवढंच कौतुक त्याने आईचं कधी केलं असतं तर! पण आईकडे निळा शर्ट नव्हता.

पुढे रोज तेच. आजी निरोप पाठवायची, तो म्हणायचा ‘पाहुणे जाऊ देत.’ पाहुणे खड्डा खणायचे, थकायचे, खड्ड्यात उभे राहून फोटो काढायचे. आणि पाहुणे असतानाच आजी गेली. दुपारी माझ्या हातची पातळ पेज घेतली, ‘बकरं दिलं का गं त्याने?’ म्हणून विचारलं, आणि मी ‘दिलं’ म्हटलं. त्यावर नुसती मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नसावा.

आता म्बुंदाला बकरं सापडलं. ओढत ओढत बिझिवेकच्या दारात घेऊन गेला. बिझिवेक टोपली विणत बसला होता, त्याने मानही वर केली नाही.

“म्हातारी आमची होती,” तो म्हणाला. “तिच्यासाठी बकरंही नको. तू एक कर. शाळेच्या मैदानात उभा राहा, तुझ्या पाहुण्यांसमोर, आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांग, ‘मी मढ्यावर ढोल वाजवला.’ तेवढं बोल. आम्ही लगेच फावडी उचलतो.”

एवढंच होतं. एक वाक्य. शाळेतल्या पोरांना हा माणूस दिवसातून दहादा माफी मागायला लावतो.

तो मैदानात गेला. मी मागोमाग गेले, मला वाटलं बोलेल. गोरे गोल करून उभे होते, त्यांना मयताची बातमी लागली होती. म्बुंदाने घसा खाकरला. त्यांच्या तोंडांकडे पाहिलं, ती सगळी तोंडं त्याच्यासाठी पाणावलेली होती. त्याला ते पाणी सोडवेना.

“आमच्याकडे रीत आहे,” तो इंग्रजीत म्हणाला, “थोर बाई गेली की तिची कबर खणायचा मान पाहुण्यांना देतात.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इमोजेन नावाची एक मुलगी रडायलाच लागली. “एवढा मोठा मान! आम्हाला!” गॅरेथने म्बुंदाला मिठी मारली आणि म्हणाला, “आम्ही याचसाठी तर आलो होतो.”

म्हणजे खणायलाच.

गावानेही मग आपला हट्ट सोडला नाही. गावाचं काय कौतुक सांगू! ज्यांच्या घरी आजीने पिठाची घमेली रिकामी केली, त्या सगळ्या बायका दारं अर्धी लोटून आत बसल्या होत्या, फटीतून बघत. आजीला अंघोळ घातली ती मी आणि तिच्या एका बहिरट भाचीने. मी बिझिवेककडे जाऊन आले. म्हटलं, “मेलेल्या बाईवर कसला सूड घेताय?” तर म्हणतो, “बाई, सूड नाही, रीत आहे.” प्रत्येकाकडे एकेक रीत तयार होती, आणि आजी चटईवर एकटी पडली होती.

गोऱ्यांनी संडासाच्या खड्ड्यावरची फावडी आणली आणि कबर खणली. चौकोनी आणि आखूड. त्यांना तोच आकार ठाऊक. तिरडी कडेने उतरवताना अडली, मग पुन्हा खणलं. घामाघूम झाले होते, एकमेकांना पाणी देत होते, आणि मी कितीही शिव्या घातल्या तरी हे खरं आहे की मनापासून करत होते. पण मनापासून केलं म्हणून काय झालं?

माती लोटून झाली. आता गाणं हवं होतं. आमचं मयताचं गाणं एकटीला म्हणता येत नाही. एकीने उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असतं. मी एक ओळ उचलली. बहिरट भाचीला ऐकू आलं नाही. ओळ तशीच हवेत राहिली.

गोरे कावरेबावरे झाले. ही शांतता त्यांना सोसेना. मग इमोजेनने गॅरेथच्या कानात काही सांगितलं, त्याने मान डोलावली, सगळ्यांनी हात धुतले, गोल केला, आणि डोळ्यांत पाणी आणून, हळू चालीत, त्यांना आमच्या भाषेतलं जे एकच गाणं येत होतं ते सुरू केलं.

‘या पाहुणे या, घर तुमचंच आहे, तुम्हाला पाहून आज आमचं पोट भरलं.’

कबरस्तान उंचावर आहे. ते गाणं पार नदीपर्यंत ऐकू गेलं असणार.

मी म्बुंदाकडे पाहिलं. तो आईच्या मातीकडे बघत होता. मला वाटलं, आता तरी ओरडेल, बंद करा म्हणेल. तेवढ्यात गॅरेथने गाता गाता त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि म्बुंदाचं तोंड आपोआप हसलं. त्याचे हात वर आले. ठेका धरून तो टाळ्या वाजवायला लागला.

मी पुढे झाले आणि त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत गच्च धरले. तो सोडवून घ्यायला बघत होता. गाणं संपेपर्यंत मी सोडले नाहीत.

कुणीतरी फोटो काढला. पुढच्या थंडीत नवीन निळे शर्ट आले तेव्हा तो मोठा करून, चौकटीत घालून घेऊन आले, आणि म्बुंदाने तो ऑफिसात लावला. खाली इंग्रजीत लिहिलंय, ‘दुःखात एकमेकांचा हात धरणारं गाव.’ येणारा प्रत्येक गोरा त्यापुढे थांबतो आणि मला म्हणतो की तुम्ही त्या दिवशी त्यांना किती धीर दिलात.

मी त्याला टाळ्या वाजवू देत नव्हते, एवढंच.