तोंडाचं माप

शिबिराला माणसं मीच नेली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सहा महिने पाड्यातल्या प्रत्येकाने ते मला सांगितलं.

मी सरिता. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा आहे, तिथली मी आशा कार्यकर्ती. फाल्गुनात, होळीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी, धुळ्याच्या एका सेवा मंडळाने आश्रमशाळेच्या व्हरांड्यात दातांचं मोफत शिबीर घेतलं. मंडळाचे अध्यक्ष चुडामणभाऊ स्वतः आले. म्हणाले, "हलते, किडके दात काढू आणि तीन महिन्यांनी कवळी बसवून देऊ." मी घरोघर फिरले, समजावलं. बारा म्हातारी माणसं तयार झाली.

त्यात माझी फुई होती, बिजलीबाई. माझ्या बापाची थोरली बहीण. जन्मभर मिसरी लावलेली. हिरड्या सुजायच्या, पू यायचा, रात्र-रात्र गालाला हात लावून बसायची. तिचे सहा दात हलत होते, पण खालचे पुढचे चार चांगले घट्ट होते. डॉक्टर भूषण नावाचा तरुण माणूस तिथे होता. तो म्हणाला, "आजी, पूर्ण कवळी करायची तर हेही काढू."

"हाई तं चांगलं शे ना?" फुईने दातावर बोट ठेवून विचारलं.

"कवळी मिळणार आहे की!"

फुईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तोंड उघडलं.

त्या दिवशी मी सगळ्यांना एकच सांगत होते. अर्धा तास कापूस घट्ट दाबून ठेवा, थुंकू नका, चूळ भरू नका, आज गरम काही खाऊ नका. जखमा बऱ्या झाल्या. हिरड्या बसल्या. चैत्र गेला, वैशाख गेला, जेठ गेला. मंडळाकडून कुणी फिरकलं नाही.

मी फोन करायचे. "माल आला नाही." "पुढच्या महिन्यात बघू." "साहेब बाहेरगावी गेलेत."

इकडे फुई दादर ज्वारीची भाकरी उडदाच्या डाळीत कुस्करून, भिजवून गिळायची. लग्नाला जाणं तिने सोडलं, कारण पंगतीत तिचं खाणं बघायला पोरं जमायची. शेजारचे खाज्या आबा हिरड्यांनी शेंगदाणा चघळत बसायचे आणि शेवटी कोंबड्यांना टाकायचे. लोटन आबाला तर खाण्याचाच कंटाळा आला. श्रावणात ते गेले. दातांनीच गेले असं मी म्हणणार नाही, त्यांना दमाही होता. पण त्यांची म्हातारी मला बघून दार लावून घ्यायची, आणि मला ते चूक वाटत नव्हतं.

भादव्यात चुडामणभाऊंचा फोन आला. "कवळ्या आल्या, ताई! रविवारी धुळ्यात आमचा वार्षिक कार्यक्रम आहे. पाच जणांना घेऊन या. गाडी पाठवतो."

गाडीत खाज्या आबा खुशीत होते. सोनगीर मागे पडेपर्यंत ते काय काय खाणार हे सांगत राहिले. फुई खिडकीबाहेर बघत होती.

हॉलच्या दारात मोठा बॅनर होता. त्यावर फुईचा फोटो होता, शिबिरातला, तोंड वासलेला. मला कुणी विचारलं नव्हतं, तिलाही नाही. फुई बॅनरसमोर थांबली, स्वतःकडे बघितलं आणि आत गेली.

मागच्या खोलीत मंडळाच्या एका पोरीने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओतली. कवळ्या खडखडत बाहेर आल्या. लहान, मध्यम, मोठ्या. "ज्याला जी बसेल ती घाला," ती म्हणाली. "थोडी ढिली असली तर चालेल, फोटोपुरतंच आहे. नंतर सवय होते."

खाज्या आबांनी खालची कवळी घातली, बोलायला तोंड उघडलं आणि ती हातात पडली. फुईने तीन घालून बघितल्या. एकीने तिचा ओठ पुढे आला, दुसरीने तिला ओकारी आली. तिसरी काढून तिने टेबलावर ठेवली आणि हात धुतले.

"सरिता, आमच्या तोंडाचं माप कधी घेतलं यांनी?"

घेतलंच नव्हतं. मी चुडामणभाऊंना गाठून तेच विचारलं. ते हसत हसतच हळू आवाजात म्हणाले, "ताई, आज कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेत तालुक्याचे आरोग्य अधिकारी बसलेत. तुमचं काम त्यांच्याच हाताखाली ना?"

मी गप्प बसले. हेही सांगायला हवं.

पहिलं नाव फुईचं पुकारलं. चुडामणभाऊ तबक घेऊन उभे होते, तबकात लाल फीत बांधलेली कवळी. फोटोवाला ओरडला, "आजी, तोंड उघडा!"

फुईने ओठ घट्ट मिटले. मग माइककडे हात केला. तिला बोलायचंय म्हटल्यावर सूत्रसंचालिकेने आनंदाने माइक दिला.

फुईला अहिराणी येते, पण राग आला की ती आमच्या पावरी बोलीतच बोलते. त्यात तोंडात दात नाहीत. त्या हॉलमध्ये तिचं बोलणं माझ्याशिवाय फार तर आमच्या चौघांना कळलं असेल. दोन मिनिटं ती बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"किती सुंदर!" सूत्रसंचालिका म्हणाली. "आजी आपले आभार मानतायत. सोबतच्या ताई, जरा मराठीत सांगाल?"

मी वर गेले. अधिकारी साहेब माझ्याकडेच बघत होते. 'हो, आभार मानतेय' एवढं म्हटलं असतं तर सगळे जेवायला गेले असते. फुई माझ्याकडे बघत होती, फाल्गुनात तोंड उघडायच्या आधी बघितलं होतं तशीच.

"तिने आभार मानलेले नाहीत," मी म्हणाले.

मी माइक जवळ धरला.

"ती म्हणते, माझे दात काढताना तुम्ही वाकून वाकून तोंडात बघत होतात. द्यायची वेळ आली तर पिशवी ओतलीत. ती म्हणते, बाजारात आम्ही चप्पलसुद्धा पाय घालून बघतो. माझे चार दात घट्ट होते. तुमच्या शब्दावर दिले ते. हे तबकातले दात माझे नाहीत. माझ्या तोंडाचं माप घ्या आणि माझे दात द्या. बाहेरचा माझा फोटो आधी उतरवा."

मागे कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि मध्येच थांबलं. चुडामणभाऊंनी माइक घेतला. "गैरसमज झालाय..." पण तोवर फुई स्टेजवर खाली बसली होती, पाय पसरून. खाज्या आबा वर चढले आणि तिच्या शेजारी बसले. मग उरलेले तिघेही.

"तारीख लिहून द्या," फुई म्हणाली. हे तिने मराठीत म्हटलं.

खाली पंगती उठल्या, वाढपी आवरायला लागले, गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. पाचही जण हलले नाहीत. शेवटी मागच्या खुर्च्यांतून डॉक्टर भूषण आला. "आजी, मीच काढले होते तुमचे दात. मला वाटलं, पुढचं मंडळ नीट करेल."

"तुले वाटनं?" फुई म्हणाली.

तो वळला. मग चुडामणभाऊंना म्हणाला, "मापं मी घेतो, पाड्यावर जाऊन. प्रयोगशाळेचा खर्च मंडळाने करायचा. आणि लिहून द्या." मंडळाचा छापील कागद आला. नावं मी लिहीत होते. अकरा झाली.

"बारा," फुई म्हणाली.

"फुई, लोटन आबा तर..."

"लिही. दात त्यानेही दिले."

लोटन आबांचं नाव लिहिल्यावर ती उठली. जाताना बॅनर खाली गुंडाळून ठेवलेला दिसला.

आठवड्याने मला तालुका आरोग्य कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र आलं. बाहेरच्या कार्यक्रमात विनापरवानगी का बोललात? मी एका ओळीत उत्तर दिलं: बिजलीबाई जे बोलल्या तेच मराठीत सांगितलं. त्यापुढे काही आलं नाही. आलं असतं तरी दुसरी ओळ मी लिहिली नसती.

डॉक्टर पाच वेळा आला. आधी गिलाव्यासारखा थंड लगदा तोंडात दाबून माप घेतलं, मग मेणाचे दात लावून बघितले, मग ओठ, बोलणं, चावणं तपासलं. कार्तिकात कवळ्या मिळाल्या. मी सगळ्यांना सांगितलं, कवळी झोपताना काढून स्वच्छ पाण्यात ठेवायची, रोज मऊ ब्रशने साबण लावून घासायची, उकळतं पाणी टाकलं तर वाकडी होते, आणि सकाळी बोटाने हिरड्या चोळायच्या. लोटन आबांच्या म्हातारीनेही हे सगळं बाजूला उभं राहून ऐकलं. तिचे स्वतःचे तीन दात किडले होते. ते तिने मला दाखवले.

चौथ्या दिवशी फुईच्या खालच्या हिरडीला जखम झाली. पाड्यात सगळे म्हणाले, नव्या जोड्यासारखं असतं, होईल सवय. फुईने कवळी डबीत घातली आणि मला घेऊन एसटीने धुळे गाठलं.

डॉक्टरने कवळी घासून दिली. "आता?"

फुईने चावून बघितलं. "टोचतंय."

त्याने पुन्हा घासली. "आता?"

"अजून."

"आजी, थोडी सवय तुम्हालाही करावी लागेल."

"आठ महिने बिनदाताची सवय केली," फुई म्हणाली. "आता या कवळीची पाळी."

तिने कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली, तोंड उघडलं आणि नेमकी कुठे टोचते ती जागा बोट लावून दाखवली. डॉक्टरने तिसऱ्यांदा मशीन सुरू केलं.