पिंप शेवटी काय म्हणालं

स्वच्छतागृहाच्या आरशासमोर उभी राहून पारा चकित होण्याचा सराव करत होती.

पहिल्या खेपेला ती चकित न दिसता दाढ दुखत असल्यासारखी दिसली. दुसऱ्या खेपेला भुवया पार केसांत जाऊन बसल्या. तिसरी खेप जमत आली होती, तेवढ्यात हिशेब खात्यातल्या बाई हात धुवायला आत आल्या आणि म्हणाल्या, "काय गं, बरं नाही वाटत?"

"चकित होतेय" असं काही सांगता येईना. "पित्त," म्हणून पारा सटकली.

संध्याकाळी आत्याकडे 'गोगलगाय'चा शेवटचा भाग बघायचा होता. त्यात काय होणार हे पाराला आधीच कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे आत्याला कळलं तर आपलं काही खरं नाही, हेही तिला कळत होतं.

गोगलगाय हे एका अंतराळयानाचं नाव, आणि त्यावरच्या मालिकेचंही. यान इतकं संथ होतं की सात सीझन झाले तरी घरी पोचलं नव्हतं. त्यावर एक कप्तान होता, जो संकट आलं की आधी बिस्किटं खायचा. आणि एक यंत्रमानव होता. तो दिसायला अगदी पाण्याच्या पिंपासारखा, म्हणून त्याला सगळे पिंपच म्हणत. पिंपाची एक खोड होती. ते स्वतःला ना पुरुष समजायचं ना बाई, त्यामुळे स्वतःविषयी नपुंसकलिंगात बोलायचं. "कप्तान, मी दार उघडतं." "मी काल रात्री विचार करत बसलं होतं." आत्याने जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं होतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती सोफ्यावरून उठून उभी राहिली होती. "बरोबर बोलतंय गं ते! व्याकरणात असं रूप आहे. फक्त वापरायला कोणी मिळत नव्हतं." त्या दिवसापासून ती पिंपाची भक्त झाली.

पाराचं तसं नव्हतं. ती पदार्थविज्ञान शिकलेली. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज आला की ती कपाळावर हात मारून घ्यायची. पण गोगलगायला तिने सगळं माफ केलं होतं, कारण ती मालिका बघायची म्हणजे दर शुक्रवारी आत्याच्या सोफ्याचा डावा कोपरा, पायावर आत्याची जुनी शाल, आणि मधूनमधून "थांबव, थांबव, हे कसं शक्य आहे ते सांग" असा आत्याचा हुकूम. एरवी पारा भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि दिवसभर थर्मामीटरांशी बोलायची. आपल्याला बोलायला लावणारं आणि वर ऐकून घेणारं माणूस तिला या गावात एकच होतं.

आणि त्या सोफ्याचा एकच कायदा होता. एकीला सोडून दुसरीने बघायचं नाही.

कायदा मोडला तर काय होतं, याचा नमुना घरातच होता. आतोबांनी दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग गुपचूप आधी बघितला आणि मग साळसूदपणे दोघींबरोबर पुन्हा बघायला बसले. पकडले गेले, कारण ते विनोद व्हायच्या आधी हसले. आत्या एवढंच म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरात स्टूल आहे." तेव्हापासून दर शुक्रवारी आतोबा स्टुलावर. मध्ये त्यांनी दोनदा माफी मागून बघितली. आत्याने दोन्ही वेळा शांतपणे विचारलं, "चहा ठेवताय का?"

तर यंदा झालं असं, की शेवटचा भाग लागला नेमका आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. डॉक्टरांनी आठवडाभर टीव्ही बंद करून टाकला. आत्याने त्यांच्याशी घासाघीस केली, पण डॉक्टर बधले नाहीत. "मी थांबते," पाराने छातीठोकपणे सांगितलं. "तुझी पट्टी निघेपर्यंत मी गोगलगायचं नावसुद्धा काढणार नाही."

नाव तिने काढलं नाही. दगा दिला तो लंबूने.

पारा काम करायची त्या प्रयोगशाळेत दवाखान्यांतून, कारखान्यांतून थर्मामीटर तपासायला येत. ते पाण्याच्या टाकीत बुडवायचे, शेजारी एक खात्रीचा थर्मामीटर लटकवायचा आणि दोघांत किती फरक पडतो ते भिंगातून वाचायचं. वाचन चालू असताना डोळा हलवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लंबू तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आज जेवणाच्या सुट्टीत त्याने कानात इयरफोन घातले, मोबाइल पाराच्या टाकीला टेकवून उभा केला आणि डबा उघडला. पाराने भिंगातून पाऱ्याच्या रेषेकडे बघितलं, तर रेषेच्या बरोबर खाली गोगलगाय.

"लंब्या, तो मोबाइल काढ!"

लंबूच्या कानात इयरफोन. डोळ्यांत पाणी. तोंडात घास.

आता नजर हटवावी तर सकाळपासूनचं वाचन वाया. नाही हटवावी तर आत्या. पाराने एक डोळा मिटून बघितला, पण उघडा राहिलेला डोळा नेमका शहाणा निघाला. शेवटची दहा मिनिटं तिने आवाजाशिवाय, पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी, इत्थंभूत बघितली. यान कृष्णविवराकडे ओढलं जात होतं. कोणीतरी बाहेर जाऊन मागची टाकी हाताने सोडवायला हवी होती. कप्तानाने अंतराळपोशाख चढवला. आणि ऐन वेळी पिंपाने त्याला अलगद काचेच्या दाराआड ढकललं, कडी लावली आणि ते स्वतः बाहेर गेलं. परत आलं नाही.

थर्मामीटर अचूक निघाला. पारा मात्र दुपारभर नाक पुसत होती.

संध्याकाळी आत्याच्या दाराची बेल वाजवताना तिची योजना तयार होती. आतोबा फसले ते कार्यकारणभावात. कारण आधी घडतं, परिणाम नंतर. ते परिणामाला आधी घेऊन आले. आपण तसं करायचं नाही. पिंप ढकलेल, मग क्षणभर काहीच नाही, मग भुवया, मग तोंडावर हात.

"ये गं, ये! पट्टी निघाली बघ!" दारात आत्या काळा चष्मा घालून उभी. एखाद्या हेरासारखी दिसत होती. "काही कळलं नाही ना तुला कुठून?"

"छे! तुला?"

"मला कोण सांगणार? मी आपली आठवडाभर आंधळी."

आतोबांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि आपली उशी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

भाग सुरू झाला. पहिल्याच दृश्यात कप्तान बिस्किटं खात होता. आत्याने पदर नाकाला लावला.

"काय झालं?"

"काही नाही गं. खाऊ दे त्याला. चांगली चार जास्त खाऊ दे."

मग पिंप आलं. त्याच्या पाठीवर कसलातरी ओघळ होता. "कोणीतरी पुसायचं ना त्याला," पारा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "निदान शेवटचं तरी."

आत्याची मान गर्रकन वळली. "शेवटचं म्हणजे?"

"शेवटचा भाग आहे ना! म्हणून."

"हां. मग ठीक."

यान कृष्णविवराकडे निघालं. पाराला खरं म्हणजे त्या विवराच्या कडेच्या रंगाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या होत्या, पण आज तिची जीभच उचलेना. आणि आश्चर्य म्हणजे आत्यानेही एकदाही "थांबव" म्हटलं नव्हतं. पडद्यावर कप्तानाने अंतराळपोशाखाला हात घातला. झालं! आत्या जी हमसून हमसून रडायला लागली ती थांबेचना. काळ्या चष्म्याखालून गालांवर पाण्याच्या धारा.

"आत्या! अगं डोळा! नुकतं ऑपरेशन झालंय!"

"कसा गं जाईल हा... अख्खा सात सीझनांचा माणूस..."

डॉक्टरांनी आत्याला रडायचं नाही असं बजावलेलं पाराला आठवलं आणि तिचा जीव घाबरला. योजना, भुवया, कार्यकारणभाव, सगळं एका फटक्यात डोक्यातून गेलं. "अगं रडू नकोस, तो नाही जात!"

"जातो! मी स्वतः ऐकलंय!"

दोघी थांबल्या. पाराने रिमोटने कप्तानालाही थांबवलं. तो एक पाय पोशाखात घालून लोंबकळत राहिला.

"ऐकलंयस?" पारा म्हणाली.

"नाही जात?" आत्या म्हणाली. "तुला काय माहीत?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "स्टूल एकच आहे हां."

मग जी जुंपली ती काही विचारू नका. आत्याचं म्हणणं, डॉक्टरांनी टीव्ही बघू नका असं सांगितलं होतं, ऐकू नका असं नव्हे. आणि कायद्यातही 'बघायचं नाही' असाच शब्द आहे. ती टीव्हीकडे पाठ करून बसली होती. पाठीला डोळे असते तर गोष्ट वेगळी.

"वा गं वा! मग मीसुद्धा ऐकलं कुठंय? मी नुसतं बघितलंय!"

"बघितलंस! म्हणजे सरळ गुन्हा. कायद्यातला शब्दच तो."

"नोकरीवर असताना! डोळा हलवता येत नव्हता! थर्मामीटर होता समोर!"

"थर्मामीटर म्हणे! तुझ्याच तोंडात लावायला हवा." आत्याने चष्मा वर करून डोळे टिपले. "कायदा आपण दोघींनी केला होता, पारा. तूच जर अशी करायला लागलीस तर मी बसू कोणाबरोबर? तो कोपरा मी काय मांजरीला देऊ?"

हे मात्र पाराला लागलं. "स्टुलावर बसते मी," ती शाल घडी करत म्हणाली. "पण आधी एवढं ऐक. कप्तान जात नाही. पिंप जातं. या डोळ्यांनी बघितलंय."

"आणि मी या कानांनी ऐकलंय. दार लागतं, रेडिओ खरखरतो, आणि आवाज येतो, 'येतो.' ये-तो! रेडिओवर सगळेच माठात तोंड घालून बोलल्यासारखे बोलतात, आवाजावरून काही कळत नाही, कबूल. पण पिंप असतं तर 'येतं' म्हणालं असतं. व्याकरण खोटं बोलत नाही."

"डोळेही नाही बोलत!"

पाराच्या डोक्यात काहीतरी हललं. दोन थर्मामीटर एकाच पाण्यात वेगळे आकडे दाखवायला लागले की प्रयोगशाळेत भांडत नाहीत; पुन्हा एकत्र बुडवून बघतात.

"आत्या," ती म्हणाली, "म्हणजे अर्धा भाग तुझा आणि अर्धा माझा. पूर्ण कोणीच बघितला नाहीये."

आत्याने थोडा विचार केला. तोंड वाकडं केलं. मग सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यावर हात आपटला. "बस. अजून माफ केलेलं नाही. पण बस." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, "अहो, तुम्हीही या. आज सगळेच चोर आहेत."

आतोबा उशीसकट हजर. इतक्या वर्षांनी सोफ्यावर बसताना ते जरा अवघडले, देवळात चुकून चप्पल घालून आल्यासारखे.

पाराने कप्तानाला सोडलं. त्याने दुसरा पाय घातला. पिंप मागून आलं. आत्याने पाराचा हात घट्ट धरला. पिंपाने कप्तानाला ढकललं, कडी लावली. "अगं बाई!" आत्या ओरडली. कप्तान काचेवर मुठी मारत होता, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. म्हणूनच पाठमोऱ्या आत्याला तो ऐकू आला नव्हता. पिंप बाहेरच्या काळोखात उभं. आतोबांनी कागदी रुमालांचा डबा दोघींच्या मध्ये सरकवला. रेडिओ खरखरला.

"येतो," पिंप म्हणालं.

एवढंच. पाराच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत. तोंडावर हात गेला नाही. फक्त घशातून उचकीसारखा एक विचित्र आवाज निघाला, जो तिने आरशासमोर एकदाही काढला नव्हता.

"येतो म्हणालं!" ती म्हणाली. "आत्या, पिंप येतो म्हणालं!"

"म्हणालं नाही गं," आत्याने डब्यातून एकदम मूठभर रुमाल उपसले. "म्हणाला."

नावं सरकत राहिली आणि दोघी मनसोक्त रडल्या, डॉक्टरांचं नाव न काढता. नाक शिंकरून झाल्यावर आत्याने हातातल्या रुमालाकडे बघितलं. मग डब्याकडे. मग आतोबांकडे.

"अहो."

"हं?"

"हा डबा तुम्ही कधी ठेवलात?"

"आत्ताच की."

"आधी," पारा सावकाश म्हणाली. "पिंप बोलायच्या आधी. तेव्हा कोणी रडत नव्हतं, आतोबा."

आतोबांनी छताकडे बघितलं. मग उशीच्या कोपऱ्याशी खेळले. मग कबूल केलं, की स्वयंपाकघराचं दार थोडं किलकिलं ठेवलं की स्टुलावरून टीव्ही छान दिसतो, आवाजही येतो. दुसऱ्या सीझनपासून एकही भाग चुकलेला नाही. हाही त्यांनी त्याच दिवशी बघितला होता. आत्या टीव्हीकडे पाठ करून बसली होती, त्यामुळे उलट त्यांची मोठी सोय झाली.

"म्हणजे आठवडाभर तुम्हाला माहीत होतं? मी रोज कप्तानासाठी रडत होते, आणि तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत?"

"सांगितलं असतं," आतोबा केविलवाण्या आवाजात म्हणाले, "तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं कळलं."

आत्याने फक्त काळा चष्मा नीट बसवला. आतोबांना तेवढं पुरलं. ते उठले, उशी काखेत मारली आणि निमूटपणे स्वयंपाकघराकडे निघाले. दारापाशी पोचल्यावर थांबले. तिथल्या रिकाम्या पाण्याच्या माठात तोंड घातलं.

"मी येतं," माठातून आवाज घुमला.

पाराला हसू आवरेना. तिने शाल तोंडात कोंबली आणि भीत भीत आत्याकडे बघितलं. आत्याचे ओठ आवळलेले, पण हनुवटी थरथरत होती.

"येतो म्हणायचं," आत्या अखेर म्हणाली. "आणि बाहेर येऊन बसा मुकाट्याने. पारा, सरक जरा तिकडे. आणि आता पहिल्यापासून लाव. त्या विवराच्या कडेला असा रंग कसा येतो, ते मला सांगायचं राहिलंय तुझं."