नळीची दोन तोंडं

चंपालाल शेठ बोलवायला आले तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला जो जोर लागतो, तो माझ्याकडे कधीच नव्हता. घोडेगावच्या वाचनालयात मी आयुष्यभर पुस्तकं दिली-घेतली. तिथला बंद पडलेला पंखा एकदा उघडून पाहिला होता. पंखा नंतर फिरू लागला. माझ्यामुळे की आपोआप, हे मला अजून ठाऊक नाही. गावाने मात्र मला यंत्रातला जाणकार ठरवून टाकलं.

“धुळीचं मशीन हाये आमच्या वडलांचं,” जिना चढताना शेठ सांगत होते. “विलायती. हवेनं धूळ वढून घेतं. पण त्याचा पाईप तोंडात जाम बसलाय, तो निघाल्याबिगर आतली धुळीची पिशवी काढता येईना. गेणभाऊनं वढला, मी वढला, माझ्या पोरानं, कल्पेशनं वढला. आता तुमीच राहिला, नाना.”

“मला जमेलच असं नाही.”

“पुस्तकं वाचता राव तुमी. हळू हाताचा मानूस पायजे. आमच्यात सगळे पोती उचलणारे.”

वरच्या मजल्यावर, गाद्या-लोडांच्या खोलीत, भिंतीशी चटईवर शेठच्या आई सज्जनबाई बसल्या होत्या. पर्युषण चालू होतं आणि त्यांनी अठ्ठाई धरली होती, म्हणजे आठ दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर. उपवास संपत आला होता. चेहरा इतका लहान झाला होता की मला बघवेना. पारण्याला पुण्याहून पाहुणे यायचे होते, म्हणून शेठना गाद्यांची धूळ काढायची होती.

“ते मशीन मुंग्या वढतं,” सज्जनबाई म्हणाल्या. “माझ्या तपात ते चालू करायचं न्हाई, चंपा.”

“मुंग्या न्हाई आई, धूळ वढतं.”

“मुंगीला विचारलंस का?”

मशीन लहान पिंपासारखं, लोखंडी पट्ट्यांवर आडवं होतं. नळीवर जाड विणीचं कापड, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नव्हतं. कित्येक वर्षं ते खाली हिरड्याच्या गोदामात पोत्यांमागे पडून होतं. चालतं का ते बघायला शेठनी त्याची वायर सज्जनबाईंच्या पलीकडच्या बोर्डात खोचली, वरचं बटन चालू केलं आणि मशीनच्या पाठीवरची गोल कळ पायाने दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली, मग आणखी दाबत राहिले.

“आयला, लाईटच न्हाई,” ते म्हणाले. त्या दिवसांत भारनियमन रोजचंच होतं. तेवढ्यात खालून हाक आली, आहुप्याकडून हिरड्याची गाडी लागली होती. शेठ भराभर जिना उतरले. सून डिंपल जैन स्थानकात प्रवचनाला गेली होती. खोलीत मी आणि सज्जनबाई राहिलो.

नळीच्या टोकाचं पितळी कडं मशीनच्या तोंडात घट्ट रुतलं होतं. मी सांध्यात खोबरेल तेल सोडलं, थांबलो, मग कडं फडक्यात धरून पिळून पाहिलं. केसभर फिरल्यासारखं वाटलं. कदाचित माझाच हात घसरला असेल. नळीला पीळ पडलाय का ते पाहावं म्हणून मी तिचं मोकळं टोक उचललं, तेव्हा आत काहीतरी जड सरकलं.

कचरा असेल, मी मनाशी म्हटलं. पण कचरा खाली घसरतो. हे थांबलं, आणि मग हळूहळू वर, माझ्या हाताकडे येऊ लागलं.

मी नळी टोकाशी दुमडली आणि दोन्ही मुठींत आवळून धरली. कापडाखालून ते माझ्या बोटांपर्यंत आलं, टेकलं, मागे गेलं. गोदामात पावसाळ्यात काय काय निघतं ते घोडेगावात लहान पोरालाही माहीत असतं.

सोडली तर ते खोलीत येणार, आणि ज्यांना उठता येत नव्हतं त्या सज्जनबाई माझ्यापासून चार हातांवर होत्या. तेवढ्यात दुसरी गोष्ट ध्यानात आली. त्या मशीनची कळ एकदा दाबली की चालू, परत दाबली की बंद, आणि बघून काही कळत नव्हतं. शेठनी ती किती वेळा दाबली होती, देव जाणे. बोर्डावरचं बटन तर चालूच होतं. लाईट आली आणि मशीन गरजलं, तर माझे हात सुटणार याची मला खात्री होती. मी स्वतःला ओळखतो.

मी गेणभाऊला हाक मारली. गेणभाऊ म्हणजे शेठचा निरगुडसरचा हमाल, खाली गोदामातच असणार. पण आयुष्य हळू बोलण्यात गेलेलं. माझी हाक जिन्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

“काय झालं, नाना?”

“काही नाही.”

“काही न्हाई तर नळी का आवळून धरलीय?”

मला खोटंही नीट बोलता येत नाही. “नळीत साप आहे, बाई. तुम्ही हलू नका.”

त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं. “लाईट आली तर?”

“मशीन चालू झालं आणि माझ्या हातून नळी सुटली, तर तो आत खेचला जाईल.”

“म्हंजी मरंल.” त्यांचा आवाज आता खरोखर फाटला. “माझ्या अठ्ठाईत. माझ्या घरात.”

त्या भिंतीला धरून उठू लागल्या. मी नको नको म्हणत होतो. एक गुडघा उचलला, थांबल्या, डोळे मिटले. पडल्या असत्या तर मला धरता आलं नसतं. माझे दोन्ही हात अडकलेले. भिंत चाचपत त्या बोर्डाकडे निघाल्या. माझ्या मुठीत तो पुन्हा वर आला, या वेळी जोराने.

स्वयंपाकघरातला फ्रीज गुरगुरला. डोक्यावरचा पंखा हलला. आणि मशीन ओरडलं.

नळी हातात आक्रसली, एखाद्या जनावराने अंग चोरावं तशी. मी डोळे मिटून घेतले, पण हात सुटले नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही. सज्जनबाईंनी वायरीला दोन्ही हातांनी हिसका दिला. मशीन कण्हत थांबलं. मी भीतीने मागे कोलमडलो, आणि इतक्या जणांनी ओढून न निघालेलं ते कडं तेलावरून सुळकन बाहेर आलं.

आता नळीला दोन तोंडं होती, आणि माझ्या ताब्यात एकच.

पितळी कड्यातून एक काळपट डोकं बोटभर बाहेर आलं. सज्जनबाईंचे पाय तिथून हातभर अंतरावर. मी नळीला झटका दिला. डोकं आत गेलं. लगेच मी दुमडलेलं टोक एका मुठीत घेतलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा कड्यावर दाबला. तळव्याला काहीतरी थंड, कोरडं लागलं.

“खाली न्या,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडं बघू नका. पायरी बघा.”

कसा उतरलो ते आठवत नाही. परसात गेणभाऊने मला पाहिलं आणि हातातलं पोतं टाकलं. “नाना, तोंड पांढरं पडलंय तुमचं. भूत धरून आणलं का काय?”

“साप,” मी म्हणालो.

त्याने दाराआडची काठी उचलली. वरच्या खिडकीतून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. “गेणभाऊ, काठी टाक.”

“विषारी असंल तर, आजी?”

“त्याचं इष त्याच्याजवळ. काठी टाक.”

काठी पडली. मी कुंपणाच्या दगडांशी वाकलो, पण तळवा निघेना. मन सांगत होतं, हात ऐकत नव्हता. शेवटी गेणभाऊने माझं मनगट धरलं, “सोडा आता, मी हाये,” म्हणत मला मागे खेचलं आणि नळी जमिनीवर पडली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो निघाला, पांढऱ्या आडव्या रेघांचा, आणि दगडांत शिरला. गेणभाऊ म्हणाला मण्यार. तोवर धावत आलेले शेठ म्हणाले कवड्या, बिनविषारी. दोघांपैकी कोणी जवळून पाहिलं नव्हतं, आणि मी तर मुळीच सांगू शकत नव्हतो.

“गेला का?” खिडकीतून विचारलं गेलं.

“गेला, बाई.”

“जिता?”

“जिता.”

खिडकीत मग कोणी दिसेना. शेठ घाबरून वर धावले, आणि मीही पाय ओढत त्यांच्यामागे गेलो. सज्जनबाई चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. वायरीचं टोक अजून त्यांच्या मुठीत होतं. शेठनी ते काढून घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मूठ आणखी आवळली.