कोण कोणाला पोसतं

बाबा स्लोव्हाकियातल्या त्यांच्या गावी आजीच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला गेले होते. तिथेच झोपेत गेले. दफन उद्या सकाळी. आई आणि मी डब्लिनच्या विमानतळावर रांगेत उभ्या होतो.

माझा पासपोर्ट स्लोव्हाक, बाबांमुळे. आईचा फिलिपिन्सचा. पण युरोपीय नागरिकाची बायको म्हणून तिला आयर्लंडचं निवासकार्ड मिळालं होतं आणि त्यावर ती व्हिसाशिवाय सासरी जायची. काउंटरवर बोलण्याचं काम बाबांचं असायचं.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटून पाहिलं. "मॅडम, मिस्टर कुठायत?"

"तिकडेच."

"म्हणजे त्यांच्याकडेच चाललाय. मग काही अडचण नाही."

"त्यांना पुरायला चाललेय," आई म्हणाली.

मुलगी गोंधळली. तिने वरिष्ठांना बोलावलं. लाल दाढीचा, मवाळ आवाजाचा माणूस आला.

"नवऱ्याबरोबर किंवा नवऱ्याकडे जाताना व्हिसा लागत नाही. पण आता..." तो थांबला. "आता व्हिसा लागेल, आणि दूतावास सोमवारी उघडेल."

"मी मुलगी आहे तिची," मी म्हणाले. "मीही नागरिक आहे. माझ्याबरोबर येऊ द्या."

त्याने आवाज खाली आणला. "आई मुलीवर अवलंबून असेल तरच तशी सूट मिळते. तसं असेल तर मी तिकडच्या सीमेवर फोन करून पाहतो. त्या तुमच्याच जिवावर राहतात ना?"

"हो," मी म्हणाले.

"कोण? मी?" आई उसळली. "वृद्धाश्रमात रात्रपाळ्या कोण करतं? हिच्या कॉलेजची फी कोणी भरली? तिकडे फिलिपिन्समध्ये, इलोइलोत माझी भावंडं, त्यांची पोरं, सगळी माझ्या पगारावर जगतात. आणि मी हिच्या जिवावर?"

"आई, गप्प बस ना!"

"का? नवरा गेला म्हणून मी भिकारीण झाले?"

रांगेत कोणीतरी हसलं. त्या माणसाने उचललेला फोन परत ठेवला.

मी तिला बाजूला ओढलं. "नुसतं हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्या बाबांना चाललं असतं?"

"बाबांना तू हवी होतीस."

ती बाकावर बसली. बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. मग उठून स्वतःच काउंटरवर गेली.

"साहेब, माझं चुकलं," ती म्हणाली. "मीच हिच्या जिवावर जगते. हीच मला पोसते."

आईला असं कोणापुढे बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मॅडम, आत्ताच तुम्ही मला उलट सांगितलंत," तो म्हणाला. त्याला ते सांगणं जड गेलं असावं. तो आमच्याकडे बघत नव्हता.

आईने माझी बॅग माझ्या खांद्यावर अडकवली.

"पहिली मूठ माती तू टाक, पोरी. तिकडे बायकोच टाकते, म्हणून सगळे माझ्यासाठी खोळंबतील. त्यांना थांबू देऊ नकोस."