हान त्येला!

येडूच्या दारात मेंढरांची कातरणी चालली होती. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात द्यायला, रेवणप्पा आणि शेजारची माणसं आली होती. येडूची सून सोनम चहा देत होती, पण जीव होता तीन वर्षांच्या शिवूत. नवरा टेंभुर्णीला ट्रकवर आणि हे पोर तिच्या गळ्यात. अंगणवाडीच्या बाईंनी कालच शिवूला परत धाडलं होतं. "सगळ्या पोरांना मारतो. वळण लावा, नाहीतर नाव काढते."

वळण लावायचं कुठून? घरात उलटी शाळा भरत होती. शिवू पडला की आजी मायाक्का उंबऱ्याला चापट्या मारायची. "उंबऱ्यानं पाडलं व्हय माज्या राजाला? हान त्येला!" सोनम रागावली, की "आईला हान!" पोर हाणायचं आणि येडू मिशीतल्या मिशीत हसायचा. सोनमनं कोपऱ्यात बसवलं, की आजी गूळ घेऊन हजर. लाडानं पोर डोक्यावर बसतं म्हणतात. इथं आजीनं वर चढायला शिडीच लावून दिली होती.

आज शिवूला कातर पाहिजे होती. येडूनं हात झटकला, तसा तो बुडावर आपटला आणि त्यानं भोकाड पसरलं. मायाक्का सवयीनं आतूनच ओरडली, "कुनी पाडलं माज्या राजाला? हान त्येला!"

शिवू मोठा आज्ञाधारक. त्यानं काठी उचलली आणि आज्याच्या डोक्यात घातली. पागोटं लेंड्यांत जाऊन पडलं.

"येडूबा," रेवणप्पा म्हणाला, "एवडी मेंढरं वळवतूस, ह्ये एक बकरू आवरंना व्हय?" माणसं पोट धरून हसली.

येडू पेटला. "सोनम, बडीव त्या कार्ट्याला!"

"न्हाई मामा. हानायचं शिकूनच त्यो हितवर आलाय. मी कोपऱ्यात बसिवते. पन मधी कुनी पडायचं न्हाई."

"कोन पडतंय बगतो की!" येडू पागोटं झटकत म्हणाला.

सोनमनं कोपऱ्यात बसवताच शिवूनं रडून गाव गोळा केलं. मायाक्का गूळ घेऊन निघालीच.

"मागं फीर!" येडू सगळ्यांदेखत गरजला. सोनमला तेव्हा सासऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आजी येत नाही म्हटल्यावर रडं आटलं. शिवू गुमान आला आणि आईच्या पदराला बिलगला. सोनमनं त्याला पोटाशी धरलं. तिचेच डोळे भरून आले.

मायाक्का मात्र भिंतीकडं तोंड करून बसली. "चार मानसांत माजी इज्जत घेतली! जेवनार न्हाई मी." दिवे लागले तरी ती हलेना.

"जा गं, समजूत काड तिची," येडू हळूच म्हणाला.

"आपसूक उटतील की, मामा," सोनम म्हणाली आणि तिनं सासूचं ताट झाकून ठेवलं.