घरी कळवण्याची रीत

शाळेत समुपदेशनाची खोली होती, समुपदेशिका होती, पण तिच्याकडे एकही मुलगी येत नव्हती. मुलगे यायचे, तेही तास चुकवायला. मुली त्या दारावरून जाताना भरभर पावलं उचलायच्या.

समुपदेशनाच्या प्रशिक्षणासाठी शाळेत आलेल्या तरुणीने कृतिसंशोधनाला हाच प्रश्न घेतला. कृतिसंशोधन म्हणजे शाळेतलं दुखणं शाळेशी संबंध असलेल्यांनीच मिळून शोधायचं, उपाय करून बघायचा, फसला तर बदलायचा. समुपदेशिकाबाई आणि आठवीच्या वर्गशिक्षिका तिच्या जोडीला आल्या. "मुलींच्या आयांनाही घेऊ या," तरुणी म्हणाली.

"आया काय संशोधन करणार?" मुख्याध्यापक हसले, पण नको म्हणाले नाहीत.

मोजक्याच आया आल्या. मुली लाजतात, मुलींना वेळ नसतो, असं बोलणं चाललं होतं. शिलाईकाम करणारी एक आई तेवढी गप्प होती. तिची धाकटी आठवीत होती. थोरलीही याच शाळेत शिकली होती.

"मुली कशाला येतील?" ती खाली बघतच म्हणाली. "इथं बोललेलं त्यांच्या आधी घरी पोचतं."

समुपदेशिकाबाईंचा चेहरा उतरला. मुलीने काही गंभीर सांगितलं की वडिलांना बोलावून कळवायचं, ही शाळेची रीतच होती. 'पालकांना विश्वासात घेणे' असं तिचं गोंडस नाव. थोरली याच खोलीत रडली होती: माझं लग्न ठरवताहेत, मला शिकायचंय. वडील आले, ऐकून गेले, आणि महिन्यावरचं लग्न आठवड्यावर आलं. बाळंतपणात ती गेली. सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती.

"मी भल्यासाठीच सांगितलं हो," बाई पुटपुटल्या.

"ठाऊक आहे बाई. म्हणून तर तुमच्यावर रागावताही येत नाही. पण मशीन थांबवलं की थोरली येते. मागं उभी राहून विचारते, आई, बाबांना कुणी सांगितलं? मी काय सांगू तिला?"

सगळ्यांनी मिळून रीत बदलली. मुलीला विचारल्याशिवाय घरी एक शब्दही जाणार नाही. धोका असेल तर मदत बाहेरून आणायची, तीही मुलीला सांगून. वर्गावर्गांत जाऊन हे समजावलं. हळूहळू मुली येऊ लागल्या.

एक दिवस धाकटी आली आणि तरुणीला म्हणाली, "माझंही ठरतंय. आईला सांगा, बाबांना नको."

तरुणीने आईला सांगितलं, आणि मुलीला विचारूनच वर्गशिक्षिकेने बालसंरक्षण अधिकाऱ्यांना कळवलं. पण मुलगी त्या खोलीत गेल्याची कुणकुण बापाला लागलीच. दुसऱ्या दिवशी तो मुख्याध्यापकांसमोर उभा राहिला. त्यांनी तरुणीला आणि वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सगळं सोपं झालं असतं.

"काय बोलली ती?"

"सांगून टाका," मुख्याध्यापक तरुणीला म्हणाले. "वडील आहेत. आणि तुमच्या प्रशिक्षणाचा अहवाल माझ्याच सहीने जायचाय."

"नाही सांगणार, सर," ती म्हणाली.

तेवढ्यात शिलाईवाली आत आली.

"मुलीचं राहू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही काय ठरवलंय ते सांगा. इथं, सगळ्यांसमोर. थोरलीचं केलंत तेव्हा तिचं वय काय होतं?"

बापाने दाराकडे पाहिलं. दार अडवून बायको उभी होती.

"पंधरा," तो कसाबसा म्हणाला. थोरली गेल्यापासून हा आकडा त्याने कधी तोंडातून काढला नव्हता.

"आणि धाकटीचं?"

"तेरा." तो मटकन खुर्चीत बसला. "उद्या जाऊन नाही म्हणतो मुलाकडच्यांना."

"उद्या नको. आत्ता, इथूनच म्हणा."

वर्गशिक्षिकेने टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने नंबर लावला. थोरलीसाठी असा फोन कुणीच केला नव्हता, आणि ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.